बिजागरीची फिल्म आणि कॅमेऱ्याशेजारची खुर्ची

विहीणबाई,

तुम्हाला नमस्कार, आणि तुमच्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार, कारण तुमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचाच असतो असं कळतं. तब्येत कशी आहे? औषधं घेता का, की डब्यांवर वार लिहून नुसती मांडून ठेवता? इकडे सगळे बरे आहेत. तुमचे जावई, म्हणजे माझे चिरंजीव, डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोज सकाळी चालायला जातात आणि कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत चालतात. तुमच्या लेकीची तब्येतही उत्तम आहे, मला उलट बोलते त्यावरून सांगते. मी चौथी शिकलेली, तुम्ही निवृत्त मुख्याध्यापिका, तेव्हा हे पत्र हातात लाल पेन घेऊन वाचू नका. चार दिवस लागलेत लिहायला. (नात म्हणाली होती, आजी, तू सांग, मी टाइप करते. आता पत्र तिच्याचबद्दल आहे हे तिला कुठल्या तोंडानं सांगू?)

तर विषय तोच. आपली नात, तुमच्या लेकीची लेक, बँकेतली नोकरी सोडून बसली त्याला वर्ष होऊन गेलं, आणि तुम्ही तिच्याशी बोलणं टाकलंत त्यालाही तेवढंच. तुम्ही चारचौघांत म्हणालात, एवढी हुशार पोर आणि आता लग्नात कॅमेरे घेऊन नाचणार. विहीणबाई, तुम्ही जन्मभर पोरांना आधी प्रश्न नीट वाचा म्हणून सांगत आलात, आणि इथे स्वतः वाचला नाहीत. ती लग्नं काढत नाही. ती कंपन्यांच्या फिल्मा करते. कारखाने, दवाखाने, कचेऱ्या, ज्यांना आपण काय करतो ते लोकांना धड सांगता येत नाही, त्यांचं ती दाखवते. तिच्या बापानं, म्हणजे तुमच्या जावयांनी, तिला एक वर्षाची मुदत दिली होती. वर्षात एका मोठ्या कंपनीचं काम पुरं करून, त्यांच्या मालकाची पसंती घेऊन दाखव, नाहीतर गुमान पुन्हा नोकरी धर. महिना उरला तेव्हा तिला काम मिळालं. बिजागऱ्यांचा कारखाना. हसू नका. मी हसून घेतलंय आधीच.

हे काम कसं चालतं ते सांगते, कारण तुम्हाला वाटतं कॅमेरा लावला की झालं. आधी बैठक होते. कंपनीचे लोक येऊन सांगतात, आम्हाला फिल्म हवी. काय दाखवायचं? सगळं. कुणाला? सगळ्यांना. केवढी? छोटी. मग आपली नात एकच प्रश्न विचारते, फिल्म बघून उठल्यावर माणसानं काय करायचं? तिथे सगळे चहाकडे बघतात. (मी दाराआडून ऐकत होते. ऑफिस आमच्याच पुढच्या खोलीत आहे, त्यामुळे ती चोरी होत नाही.) शेवटी ठरलं की फिल्म एका मोठ्या प्रदर्शनात लागणार. तिथे इतका गोंगाट असतो की आवाज ऐकूच येत नाही, तेव्हा तिथली फिल्म आवाजाविना, खाली अक्षरं, दोन मिनिटांची; आवाजाची एक वेगळी, नंतर वापरायला. येणारा-जाणारा थांबला पाहिजे आणि त्यानं बिजागरी हातात घेतली पाहिजे. मग तिनं कागदावर चौकोन आखले आणि एकेका चौकोनात काय दिसणार ते काढलं. माणसं काड्यांची काढते, पण बिजागरी अशी काढते की उचलून दाराला लावावी. मग आधी जाऊन जागा बघून आली. प्रत्येक खोलीत उभी राहून टाळी वाजवायची, आवाज घुमतो का ते बघायला. कारखान्याच्या रखवालदारानं तुमच्या जावयांना फोन करून विचारलं, मुलीची तब्येत ठीक आहे ना.

आता माझं सांगते, कारण माझ्यावाचून तिथलं पान हलत नाही. माझं काम अक्षरांचं. मी अजून अक्षराला अक्षर लावून वाचते, तुम्हाला ठाऊकच आहे, साखरपुड्याच्या दिवशी तुम्ही ते सगळ्यांना सांगितलंत. तर त्याच वाचण्याला इथे मान आहे. पडद्यावर ओळ आली की मी मोठ्यानं वाचायची. माझी ओळ संपायच्या आत अक्षरं पळाली, तर ती जास्त वेळ ठेवायची. माझं वाचून झालं म्हणजे जगात कुणाचंही होईल. तिच्या ऑफिसात त्याला आजीचं माप म्हणतात. फिल्म कापणारा मुलगा (चांगला तिशीचा आहे, आम्ही त्याला कात्री म्हणतो) मला विचारल्याशिवाय एक ओळ पुढे सरकवत नाही. तुमच्या इतक्या वर्षांच्या मुख्याध्यापकीत कुणी तुमच्या वाचण्याचं माप लावलं होतं का?

दुसरं काम खुर्चीचं. शूटिंगच्या दिवशी मालकांना कॅमेऱ्यासमोर बसवलं. टक्कल चमकत होतं म्हणून त्यावर पावडर लावली. माणूस मोठा, स्वतःच्या हातानं कारखाना उभा केलेला, पण कॅमेरा बघून असा आखडला की पुतळा मागवला असता तर स्वस्त पडला असता. 'गुणवत्ता हाच आमचा श्वास आहे,' असं आठ वेळा म्हणाले आणि आठही वेळा धाप लागली. बाहेर मोठं प्रेस मशीन धडधडायचं, ते फक्त जेवणाच्या सुट्टीत बंद राहणार, तेव्हा वेळ मोजका. नातीनं मला कॅमेऱ्याच्या अगदी शेजारच्या खुर्चीत बसवलं, माझ्या गळ्याशीही छोटासा माइक अडकवला, आणि मालकांना म्हणाली, काचेकडे बघू नका, आजीशी बोला. मी विचारलं, 'बिजागरीत एवढं सांगण्यासारखं काय असतं हो? दोन पत्रे आणि मध्ये एक खिळा.' मालक ताडकन म्हणाले, 'आजी, खिळा नाही, पिन! पिन म्हणतात तिला!' आणि जे सुटले ते वीस मिनिटं थांबले नाहीत. त्यांचा पहिला सगळा माल एका दवाखान्यानं परत पाठवला होता. नर्स दार उघडायची आणि वॉर्डातले सगळे पेशंट दचकून जागे व्हायचे, इतकी करकर. हे गृहस्थ दोन दिवस त्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून दारं ऐकत राहिले. परत येऊन पिन बदलली, आणि तेव्हापासून त्यांची बिजागरी बोलत नाही. मी म्हटलं, मग हे सांगा की लोकांना, श्वासाचं काय घेऊन बसलात. कॅमेऱ्यामागे आपली नात ओठ चावून हसू दाबत होती. तिला तिची फिल्म सापडली होती.

इथवर सगळं छान. यापुढचं माझ्या हातून झालं, तेव्हा तेही लिहिते. त्या कंपनीत जाहिरातीचं बघणारे एक साहेब आहेत, गळ्यात टाय, म्हणून आम्ही टायसाहेब म्हणतो. मालक बोलत असताना ते प्रत्येक वाक्याला मान डोलवायचे, मालकांनी नाक शिंकरलं तरी. उरलेल्या सुट्टीत मी पॅकिंगच्या बायकांकडे गेले आणि गप्पांच्या ओघात म्हणाले की इथे बिजागऱ्यांना तेल लागत नाही, सगळं तेल टायसाहेब मालकांनाच घालतात. बायका हसून हसून खोक्यांवर आडव्या झाल्या. मी अजून दोन-चार वाक्यं बोलले, ती पत्रात लिहिण्यासारखी नाहीत. गळ्याशी माइक तसाच होता, विहीणबाई, आणि चालू होता. तिकडे टायसाहेबांनी आवाज कसा येतोय ते बघू म्हणून नेमके त्याच वेळी हेडफोन कानाला लावले होते. आवाज फार स्वच्छ येत होता असं नंतर कळलं.

मग बदल सुरू झाले. या धंद्यात फिल्म तयार झाली की कंपनीला दाखवतात, ते बदल सांगतात, पुन्हा दाखवतात. दोन वेळा, असं कागदावर ठरलेलं असतं. टायसाहेबांनी पाच वेळा सांगितले. कंपनीचं चिन्ह मोठं करा. अजून मोठं. संगीत जोशात हवं पण शांत हवं (प्रदर्शनातली फिल्म आवाजाविना आहे, हे त्यांना कोण सांगणार). प्रत्येक खात्याचा साहेब दिसला पाहिजे. वरून उडता कॅमेरा फिरवा. फिरवला, त्यात छप्पर दिसलं आणि पाण्याची टाकी. आणि दवाखान्याची गोष्ट तर समूळ काढा, आमचा माल कधीकाळी करकरत होता हे सांगायचं कशाला? दोन मिनिटांच्या फिल्मची नऊ मिनिटं झाली. मालकांना दाखवू म्हटलं तर उत्तर यायचं, अंतिम झाली की मीच दाखवीन. प्रदर्शन चार दिवसांवर, आणि मुदतही तेवढीच. एका सकाळी तुमच्या जावयांनी तिची बँकेची जुनी फाइल कपाटातून काढून टेबलावर ठेवली. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही एवढंच. नात मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मी उलट बोलले असते.

शेवटी मालकांना दाखवायचा दिवस आला. त्यांच्या बैठकीच्या खोलीत लांब टेबल, भिंतीवर पडदा, आणि मी मापासाठी सोबत. नऊ मिनिटांची फिल्म लागली. मी सवयीनं मोठ्यानं वाचायला लागले. 'आ-मच्या वि-श्वा-सार्ह...' गेली ओळ. 'थांबवा, माझं झालं नाही.' पुढची लावली, तीही अर्ध्यात पळाली. 'थांबवा.' तिसऱ्यांदा मालकच म्हणाले, थांबवा, माझंही झालं नाही. मग त्यांनी विचारलं, तो दवाखाना कुठे आहे? टायसाहेब म्हणाले, साहेब, ते जरा नकारात्मक वाटतं. तेव्हा आपली नात उभी राहिली. ना आवाज चढवला, ना कुणाला नावं ठेवली. म्हणाली, 'ही तुमच्या ऑफिसनं सांगितली तशी केली, काम माझंच आहे. ही दुसरी, तुम्ही आजीला सांगितलंत तशी. दोन्ही बघा. जी म्हणाल ती संध्याकाळपर्यंत पोचवते.' विहीणबाई, ती उभी राहिली तेव्हा हुबेहूब तुमच्यासारखी दिसली. मला ते आवडलं नाही, पण खरं ते लिहिते.

दुसरी फिल्म तिनं आमच्या मागच्या खोलीत चोरून काढली होती. एका खाटेवर पेशंट झोपलेली, नर्स दार उघडते, ट्रे घेऊन आत येते, जाते, पुन्हा येते, पेशंट हलत नाही. मध्ये मालक, बाकावर बसून दारं ऐकल्याचं सांगणारे. खाली मोजकी अक्षरं, माझं सगळं वाचून झालं. पेशंट म्हणजे मी. (लोकांनी माझ्या अभिनयाचं कौतुक केलं. मी खरीच झोपले होते, हे कात्रीखेरीज कुणाला ठाऊक नाही.) फिल्म संपल्यावर मालकांनी चष्मा काढून पुसला, फिल्म पुन्हा लावायला सांगितली, आणि म्हणाले, हीच. टायसाहेब टेबलाकडे बघत म्हणाले की प्रदर्शनाला दवाखानेवालेच येणार, करकरीचं नाव ऐकून ते परत फिरतील अशी त्यांना भीती होती. माणूस अगदीच वाईट नव्हता तर. मी म्हटलं, 'साहेब, तेलाचं मी बोलले ते चुकलं. माइकवर बोलायला नको होतं.' ते म्हणाले, आजी, घरी बायकोही तेच म्हणते.

संध्याकाळी फिल्म पोचली. मोठ्या पडद्यासाठी एक, फोनसाठी उभी एक, आवाजाची एक, अक्षरांविना एक, आणि सोबत कुठली कशासाठी ते लिहिलेला कागद. प्रदर्शनात गर्दी थांबली, आणि गंमत म्हणजे टायसाहेबच तिथे उभे राहून येणाऱ्याला दवाखान्याची गोष्ट सांगत होते. कंपनीनं वर्षभराच्या सगळ्या फिल्मा तिला दिल्या. तुमच्या जावयांनी बँकेची फाइल स्वतः उचलून माळ्यावर टाकली आणि उतरताना पाठ धरून बसले. मी सगळ्या शेजारणींना ती फिल्म दाखवली आहे, काहींना दोनदा. आता तुम्हाला लिहिते आहे ते केवळ माहिती म्हणून. तुम्ही चुकलात असं मी कुठेही लिहिलेलं नाही, वाटल्यास पुन्हा वाचून बघा. गुडघ्यांना जपा.

तुमची,
विहीण

ता. क. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला शाळेची बाकं बनवणाऱ्या कंपनीचं शूटिंग आहे. सुतार लोक, अबोल. नेमकं त्याच दिवशी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलंय, तेव्हा कॅमेऱ्याशेजारची खुर्ची रिकामी आहे. तुम्ही येऊन बसावं. बाकांबद्दल तुमच्याइतकं कुणाला बोलायला लावता येईल? फक्त समोरच्याची भाषा सुधारायची नाही, आणि सुट्टीत माइक आठवणीनं काढायचा. ती स्वतः तुम्हाला विचारणार नाही. हा हट्ट आमच्या घरातला नाही.

आणखी ता. क. यायचं ठरलं तर मला कळवू नका. सरळ तिला फोन करा. ती सकाळी मोकळी असते, आणि तुमचा नंबर तिनं अजून सगळ्यांत वर ठेवलाय, मी पाहिलाय.

शेवटचा ता. क. डॉक्टरांनी मला दोन तारखा दिल्या होत्या, दहा आणि सतरा. दहा मी निवडली. तुम्हाला कुठूनतरी कळेलच म्हणून सांगून टाकते. यावर फोनवर काही बोलायचं नाही.