वलवणची सहल मोडली

लोणावळ्याच्या रेल्वेत फिटर असलेला हौशीराम दर कार्तिकात बायकोचा वाढदिवस करायचा. दोस्तमंडळी जमायची, टांगे यायचे आणि वलवणच्या धरणावर दिवसभर पत्ते चालायचे. यंदा त्या सकाळी शालूबाई विहिरीवरून आली, तर घरात कुणी नाही. पोळपाटाखाली चिठ्ठी होती.

"सौ. शालूस,

टांगे नको म्हणून सांगून आलो आहे. मंडळी येणार नाहीत, तेव्हा जास्तीचं पीठ मळू नकोस. गेल्या साली धरणावर तू बारा माणसांची भांडी घासत होतीस. गेणूच्या बायकोने विचारलं, 'वयनी, आज तुमचा वाढदिस ना?' तू म्हणालीस, 'न्हाई, ह्यांच्या दोस्तांचा.' सगळे हसले. मीही हसलो. पण ते बोलणं वर्षभर मनातून गेलं नाही.

रागाच्या भरात मी तुझ्या आईला दारातून परत पाठवलं, त्याला चार वर्षं झाली. तू त्यावर एक शब्द बोलली नाहीस. आज मी तुझ्या माहेरी, सोमाटण्याला जातो आहे. त्यांच्या पायावर डोकं ठेवीन. आल्या तर घेऊन येईन. वेळेवर जेवून घे.

हौशीराम"

दुपार कलताना तो एकटाच परतला. शालूबाई दारातच उभी होती.

"काय म्हनली आई?"

"बोलल्या न्हाईत. पन जेवल्याबिगर उठू दिलं न्हाई मला."

शालूबाई तिथंच उंबऱ्यावर बसली आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर रडली.