कडेच्या झुडपाला घातलेल्या पाण्याबाबत

प्रति,
माननीय केंद्रप्रमुख,
वाळवंटी वनस्पती संशोधन केंद्र.

विषय : चुनखडीच्या वाफ्यातील कडेचे झुडूप न उपटण्याविषयी विनंती.

संदर्भ : सदर झुडूप उपटण्याबाबत व अर्जदारास प्रवेशबंदी करण्याबाबत आपले पत्र.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा व्यवसायाने शिंपी असून आपल्या केंद्रातील दिवंगत संशोधिकेचा पिता आहे. ती तापाने गेली, त्यास वर्ष होत आले. ती एकाच जातीची झुडपे वाळूत, खाऱ्या मातीत आणि चुनखडीत लावून, मातीप्रमाणे पानांतील अन्नद्रव्यांचा समतोल कसा बदलतो, याचा अभ्यास करीत असे. झुडपांना बांधायच्या क्रमांकाच्या पट्ट्या अर्जदारच कापडावर शिवून देत असे, कारण कागद उन्हात टिकत नाही.

२. अर्जदाराचे शिक्षण बेताचे. म्हणून तिने त्यास समजेल असे सांगितले होते, "बाबा, नत्र म्हणजे तुमचं कापड आणि स्फुरद म्हणजे दोरा. कापडाचे तागे पडलेत आणि दोराच नाही, तर सदरा कसा होणार? चुनखडीत दोरा असतो हो, पण चुना तो सोडतच नाही!" एवढे बोलून ती आपल्याच बोलण्यावर हसली होती. हे कार्यालयीन कामाशी संबंधित नाही, तरी लिहिले आहे.

३. ती गेल्यानंतर अर्जदार पट्ट्या पाहण्यास केंद्रात आला असता, कडेच्या झुडपाची पाने पिवळी पडून गळत असल्याचे दिसले. तेही आता जाणार, असे अर्जदारास वाटले. त्या दिवसापासून तो रोज सकाळी डबाभर पाणी घालू लागला. पहारेकऱ्याने वयाकडे पाहून आत सोडले. त्यास कृपया बोल लावू नये. हे झुडूप दर उन्हाळ्यात आपणहून पाने गाळते आणि तसेच तगते, हे अर्जदारास आपल्या पत्रावरून प्रथमच कळले. आधी कळण्याचा मार्ग नव्हता. सांगणारीच गेली होती.

४. पाण्यामुळे मातीतील नत्र मोकळे झाले, झुडपाने ते भराभर घेतले, स्फुरद मात्र चुन्यातच अडकून राहिले, त्यामुळे पानांचा समतोल बिघडून झुडूप अभ्यासास निरुपयोगी झाले, असे आपण कळविले आहे. अर्जदारास ते मान्य आहे. कापड वाढले, दोरा तेवढाच राहिला. नवी पाने फुटलेली पाहून अर्जदार मात्र खुळ्यासारखा आनंदला होता आणि घरी येऊन तिच्या आईला त्याने तसे सांगितलेही होते. आता खरे काय ते तिच्या आईस सांगण्याचे धाडस होत नाही.

५. सबब विनंती की, झुडूप न उपटता "पाणी मिळालेले झुडूप" असा एकाच झुडपाचा वेगळा गट करावा. तसा नियम नसल्यास अर्जदाराची नोंद "अवेळी पाऊस" अशी करावी. अर्जदाराची हरकत नाही. तेही शक्य नसल्यास अर्जदारास कायमचे फाटकाबाहेर ठेवावे, पण झुडूप राहू द्यावे. ते तिने स्वतःच्या हाताने लावले आहे. तिने लावलेले दुसरे काही आमच्याकडे नाही.

६. यापुढे पाणी घालणार नाही, अशी लेखी हमी अर्जदार देत आहे. पाण्यावाचून झुडपाचे भागते, हेही आता पटले आहे. फक्त साहेब, पाणी घालायचे नसेल, तर रोज सकाळी उठून मी काय करायचे, एवढे कृपा करून कळवावे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
(सही)
संशोधिकेचे वडील
दिनांक : आपले पत्र मिळाले त्याच्या दुसऱ्या दिवशी