सिंधूची मोटार

अहमदपूर
२८ मार्च २०२४

चि. सौ. सिंधूस,
दादाचे अ. उ. आ.

तुझ्या केळीच्या बागेतल्या पंपाची मोटार टेम्पोवाल्यानं काल सुखरूप उतरवली. वासावरूनच कळलं, वाइंडिंग पार जळून कोळसा झालंय. काळजी करू नको, आठ दिवसांत नवी तार भरून देतो. दाजी नांदेडच्या दुकानात टाकू म्हणत होते अन् तू हट्टानं भावाकडं धाडलीस, हे वाचून लई बरं वाटलं.

फोन करत जाऊ नको. चाळीस वर्षं ग्राइंडर अन् हातोड्यात गेली, कानात नुसती खरखर येते. पत्रच टाक.

इकडं शेडचे पत्रे उचकटलेत, ते ठोकायचेत. परसातल्या मोसंबीला डिंक्या लागलाय; साल खरवडून बोर्डोचा लेप देऊन राहिलो. डाळिंब पिकायच्या आधीच तडकतं. पेरू वानरं नेतात. सात वर्षं पाणी घातलं, पण घरच्या फळाची एक फोड तोंडात पडली न्हाई. तुझी वहिनी म्हणते, बाजारातून किलोभर आणा अन् झाडांची पण सुटका करा.

दाजींना रामराम. माया आहे तशीच राहू दे.

तुझा दादा,
हणमंत


अर्धापूर
१३ एप्रिल २०२४

ती. दादास,
सिंधूचा शि. सा. न. वि. वि.

आठाचे सोळा दिवस झाले. केळीला घड पडलेत अन् ऊन बेचाळीसवर गेलंय. शेजारच्या शिवप्पांनी आठवडाभर त्यांच्या बोअरचं पाणी दिलं. काल त्यांनीही हात जोडले, त्यांचीच बाग सुकून राहिली.

परवा हे तुझ्याकडं येऊन गेले. घरी आल्यावर उभ्यानंच तांब्याभर पाणी प्याले. मग म्हणाले, मोटार टेबलावर उघडीच पडलीय अन् मेव्हणे मोसंबीच्या बुंध्याला लेप लावत बसलेत. विचारलं तर तू म्हणालास तार मिळंना, उद्या येईल. लातूरला तार मिळत न्हाई, दादा? सासूबाईंच्या देखत हे बोलले, की तुझ्या भावाला बहिणीच्या बागेपरीस त्याची बिनफळाची झाडं मोठी. मी खाली मान घालून भाकरी थापत राहिले. आजवर माहेराचं नाव निघालं की या घरात माझी मान वर असायची.

तुझ्याच्यानं होत नसल तर तसं लिही. दुसरीकडं टाकू. पण लिही.

वहिनीला नमस्कार. रागात लिहिलंय, तरी आशीर्वाद रोखू नको.

सिंधू


अहमदपूर
२१ एप्रिल २०२४

चि. सौ. सिंधूस,
अ. उ. आ.

तार पहिल्याच दिवशी आणली होती. दाजींशी खोटं बोललो.

मोटार तीनदा भरली. तिन्ही वेळा चालू केली की धूर. दिवाळीपासून माझा उजवा हात थरथरतो. खाचेत बसवताना तारेवरचं वार्निश खरचटतं अन् आत तार तारेला भिडते. डॉक्टर म्हणाले कंपवात हाय, बारीक कामं सोडा. हे तुझ्या वहिनीलासुद्धा सांगितलं न्हाई. शेडात बसलं की गिऱ्हाइकाचं लक्ष हाताकडं जातं, म्हणून परसात जाऊन बसायचो. झाडं काही विचारत न्हाईत. वाटायचं, सिंधूची एवढी एक मोटार आपल्या हातानं भरावी, मग शेडला कुलूप घालावं. त्या एका हट्टापायी तुझे दिवस घालवले.

तुझं पत्र वाचलं अन् बसस्टँडजवळच्या महादेवप्पाला बोलावलं. माझ्याकडंच शिकलेला तो. त्यानं दीड दिवसात भरली. चालू केली तर मला आवाज आला न्हाई, हात ठेवून बघितला. झक्कास फिरते. टेम्पोवाल्याला लग्नसराईत आधी सवड न्हाई, येत्या एक तारखेच्या टेम्पोनं धाडतो.

मोठा असून चुकलो. दाजींची माफी मी स्वतः येऊन मागेन. पोटात घाल.

हणमंत


अर्धापूर
२५ एप्रिल २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मोटार धाडू नको.

बाग गेली. घड वाळून काळे पडले, खोडं मधूनच मोडली. सोमवारी ह्यांनी सगळी कापून बांधावर टाकली. मी विळा घेऊन गेले तर हातातून काढून घेतला अन् घरी जा म्हणाले. रान आता शिवप्पांना बटईनं, निम्म्या वाट्यावर दिलंय. हे त्यांच्याच वाचलेल्या बागेत रोजानं घड उतरवायला जातात. माझ्याशी बोलत न्हाईत. ताट वाढलं की जेवतात अन् उठतात.

हाताचं वाचून मी लई रडले. एक ओळ लिहिली असतीस तर मोटार नांदेडला दोन दिवसांत झाली असती, अन् मी तुझ्यापाशी येऊन राहिले असते. तू आजारी पडलास याचा राग न्हाई. तुझी लाज झाकायला माझी बाग घेतलीस, याचा हाय.

मोटार महादेवप्पांना देऊन टाक. माफी मागायलाही येऊ नको. आत्ता तू दारात दिसलास तर ह्यांना आवरणं मला जमणार न्हाई.

गोळ्या चुकवू नको. वहिनीला आजच सांग, न्हाईतर मी लिहीन.

या वर्षी राखी पोस्टानं येईल. वहिनीकडून बांधून घे.

सिंधू