लढाईचं प्रकरण

सर, काल विनिपेगच्या आर्काइव्हमध्ये तुमच्या ब्रिगेडचा इतिहास पुन्हा हातात घेतला. तो टाइप मीच केला होता, तुमच्या किचनमध्ये, दर शनिवारी. चर्चच्या बेसमेंटमध्ये तुम्ही आम्हा नव्यानं आलेल्यांना इंग्रजी शिकवायचात. मला पुण्यापासून टाइपिंग येतं असं कळल्यावर तुम्ही हस्तलिखिताचा गठ्ठाच पुढे ठेवलात. बाहेर फावड्यानं बाजूला सारलेल्या बर्फाचे ढीग, आत तुम्ही चहा ओतताय आणि मी टाइपरायटर बडवतेय: महायुद्धात पॅसिफिक किनाऱ्यावर पहारा देणारं तुमचं पायदळ, ओले तंबू, खंदक, समुद्राकडे लावलेल्या दुर्बिणी. शत्रू काही येत नाही. शंभरेक पानं झाल्यावर मी सहज विचारलं, "सर, लढाई कुठल्या प्रकरणात येते?"

तुम्ही किटली खाली ठेवलीत. "येत नाही," म्हणालात. "आम्ही फक्त वाट पाहिली."

मला हसू आलं, आणि ते तुम्हाला दिसलं. तुम्ही रागावला नाहीत. मग सांगितलंत, की सक्तीनं भरती केलेल्यांना देशातच ठेवत; समुद्रापार लढायला जायचं तर आपणहून सही करावी लागे, आणि तुम्ही ती केली नव्हती. कवायतीनंतर अधिकारी पुन्हा पुन्हा विचारायचे. सही न करणाऱ्यांना लोक झॉम्बी, म्हणजे चालती प्रेतं, म्हणायचे. तुमचा थोरला भाऊ आधीच जहाजाबरोबर बुडाला होता आणि तू तरी जाऊ नकोस, एवढंच आईनं मागितलं होतं. हे लिहा ना, असं मी म्हटलं. हा ब्रिगेडचा इतिहास आहे, माझा नाही, म्हणालात. युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिदिनाच्या संचलनाला तुम्ही कधीच का जात नाही, ते मला त्या दिवशी कळलं.

तरी मी ऐकलं नाही. पक्की प्रत करताना कवायतीच्या प्रकरणात एक वाक्य माझ्या मनानं घातलं: 'एका सैनिकानं सही केली नाही, कारण त्याच्या आईला तेवढाच एक मुलगा उरला होता.' प्रत तुम्हाला दिली. तुम्ही त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाहीत. मग आम्ही दूर पश्चिम किनाऱ्याकडे, कोक्विटलामला राहायला गेलो; तिथे असतानाच तुम्ही वारल्याचं कळलं. ते वाक्य वाचून तुम्ही दुखावलात का, हे विचारायचं राहूनच गेलं.

काल ते पान उघडलं. वाक्य तसंच आहे, खोडलेलं नाही. त्याच्यापुढे पेन्सिलीनं, तुमच्या त्या बारीक अक्षरात लिहिलंय: 'आणि तो घाबरलाही होता.'

हे पत्र लिहून त्याच फोल्डरमध्ये सरकवावं असं मनात आलं होतं, पण ते कुणीतरी परकं माणूस वाचेल, म्हणून घरीच ठेवणार आहे. माझी आई शेवटची आजारी होती तेव्हा विमानाचं तिकीट मिळालं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले, तुम्हालाही तेच सांगितलं. तिकीट मिळत होतं, सर.