दहाच्या दहा कडवी

प्रिय आई,

फोन आपटायचाच असेल तर आधी शिवी तरी पुरती देत जा. अर्धी शिवी कानात घेऊन मी दिवसभर टोमॅटो तोडतो आणि उरलेली काय असेल याचाच विचार करतो. महिना झाला, तू माझ्याशी धड बोललेली नाहीस. आता पत्र आपटून बघ. आवाजही होणार नाही. आणि हे नेलीदाताईकडून वाचून घेऊ नकोस. तूच वाच. तुला वाचता येतं, तुला कुणी शिकवलं तेही आता मला ठाऊक आहे.

रेडिओवर जाऊन मी घराची अब्रू काढली, असं तुझं म्हणणं. कसली अब्रू, आई? उत्तरेला येताना तपासणी नाक्यावर अख्ख्या बसमधून मला एकट्यालाच खाली उतरवलं. म्हणे, इतका काळा माणूस मेक्सिकन असतो का? कागद दाखवला तर म्हणे खोटा. मेक्सिकन असशील तर राष्ट्रगीत म्हण. मी म्हटलं, ही तर आपल्या हातची गोष्ट! तिसरीत शाळा सुटली माझी, पण राष्ट्रगीत तू मला शाळेत शिकू दिलंसच कुठे? मासे खारवताना, भाकरी थापताना, रोज एक कडवं. चुकलो की पाठीत उलथनं. दहाच्या दहा कडवी. मी छाती काढून गायलो. सगळे म्हणतात ती चार झाली, मी थांबलोच नाही. पाचव्याला तो साहेब पिसाळला. हे कुठून जोडलंस रे, हे आमच्या गीतात नाहीच! त्याला चारच येत होती, आई. त्याच्यापेक्षा मला जास्त येतं म्हणून मी परका ठरलो. तीन दिवस कोंडून ठेवलं. चौथ्या दिवशी तिथल्या एका म्हाताऱ्या कारकुनानं जुनं पुस्तक काढून कडवी मोजली, तेव्हा सुटलो. यात लाज कुणाची, तूच सांग.

हेच मी रेडिओवाल्या बेरेनीसेबाईंना सांगितलं. त्या इथे मळ्यावर आल्या होत्या, आपल्यासारख्या काळ्या मजुरांशी बोलायला. मुकादम म्हणाला, तुमच्यातली बाई, हातात मशीन घेऊन फिरते, वेडी आहे. मी म्हटलं, वेडी असेल तर आमचीच आहे. मला काय ठाऊक, त्या आधी आपल्या गावाला जाऊन आल्यात आणि तू त्यांना शहाळं पाजून वाटेला लावलंस! त्यांनी मला ते मशीनवर ऐकवलं. तुझा आवाज. आम्ही काळे नाही हो, उन्हानं रापलोय. आणि मागून मार्सियाना सुईण ओरडते, होय गं बाई, तुझ्या बगलेतसुद्धा ऊन पडतं! मी इतका हसलो की टोमॅटोची पाटी सांडली. मग बाईंनी भिंतीवरच्या गाढवाच्या जबड्याबद्दल विचारलं आणि तू म्हणालीस, ते कुत्री हाकलायला आहे. तिथे मात्र मला हसू आलं नाही. मृतांच्या सणाला सैतानांचा नाच निघतो, तेव्हा प्रत्येक घरातला जबडा वाजवायला बाहेर येतो आणि दातांवरून काठी फिरते. आपला तेवढा खिळ्यावर राहतो. लहानपणी मी त्याला हात लावला म्हणून तू मला जेवू घातलं नव्हतंस.

तुझ्या पाठीमागे मार्सियाना बाईंशी पुष्कळ बोलली. तेही मी ऐकलं. रागावू नकोस तिच्यावर, ती म्हातारी झाली आहे आणि गप्प राहून थकली आहे. आपल्या कितीतरी पिढ्यांमागच्या आजोबांना समुद्रापलीकडून साखळीत बांधून गुरं राखायला आणलं होतं, हेही तिनं सांगितलं. शाळेच्या पुस्तकात यातली एक ओळ नाही. आणि तिनं हिल्दोमामाचं सांगितलं, तुझ्या थोरल्या भावाचं, ज्यानं तुला वाचायला शिकवलं.

तू बारा वर्षांची होतीस. खारे मासे घेऊन तुम्ही दोघं बाजाराला निघाला होता. तो तुझ्यापेक्षा काळा, तू आजीच्या वळणावर गेलेली. नाक्यावर त्याला उतरवलं. तोही गायला, भर रस्त्यात, दहाच्या दहा. ते हसले. मग बंदूकवाल्यानं तुला विचारलं, हा तुझा कोण? खरं बोल, नाहीतर तूही त्याच ट्रकात. तू म्हणालीस, मी ओळखत नाही.

हे लिहायला मला दोन रविवार लागले. मी काही न्याय करायला बसलेलो नाही. बारा वर्षांच्या पोरीला तसं विचारणारा दोषी की ती पोर? पण चाळीस वर्षं तू एकटीच दोषी होऊन बसलीस आणि आम्हाला कडवी पाठ करायला लावलीस, जणू गाणं नीट आलं की कुणी कुणाला नेणार नाही. आई, गाणं त्यालाही येत होतं. मलाही येत होतं. कमी पडलं ते गाणं नव्हतं.

आता रागानं पत्र फाडायचं असेल तर एवढं वाचून फाड. माझं बोलणं रेडिओवर गेल्यावर बेरेनीसेबाईंना दक्षिणेच्या सरहद्दीवरून, तापाचुलाहून फोन आला. तिथल्या बाजारात एक म्हातारा बर्फाचे गोळे विकतो. सगळे त्याला परदेशी समजतात, कागद एकही नाही. त्याला पलीकडे नेऊन सोडलं होतं, तो चालत परत आला, पण सरहद्दीच्या पुढे येऊ देत नाहीत. मुलांनी पैसे टाकले की तो राष्ट्रगीत म्हणतो. पूर्ण. बाई जाऊन भेटल्या. घरी काय ठेवून आलास विचारलं, तर म्हणाला, एक जबडा, डावीकडची तिसरी दाढ मीच पाडलेली. मी आपला जबडा डोळे मिटून सांगू शकतो, आई. तिसरीच नाही.

त्याचा कागद व्हायला रक्ताचं माणूस लागतं. साहेबापुढे उभं राहून म्हणायला लागेल, हा माझा भाऊ, हा काळा आहे, मी काळी आहे, आणि आम्ही इथलेच. तेवढ्यासाठी हे पत्र. नेलीदाताईला बरोबर घे, जबडा कापडात गुंडाळून ने. वाटेत नाक्यावर कुणी गा म्हणालं तर गाऊ नकोस. बसून राहा. म्हणावं, आधी तू म्हण, पाचव्यापासून.

तुझाच, उलथन्याचा मार खाल्लेला,
लायो

जाताना दोन तिकिटं, येताना तीन. पाकिटात सहा हजार पेसो आहेत.