कुरडयांनी खाल्लेलं नेट

पुसेगाव, मंगळवार संध्याकाळ

नोकरीची मुलाखत झाली. झाली म्हणायची का? नांदेडच्या मॅडम मोबाइलवर दिसल्या, "स्वतःबद्दल सांगा" म्हणाल्या, मी तोंड उघडलं आणि चित्र तिथंच अडकलं. त्यांना मी उघड्या तोंडाचीच दिसत राहिले असणार.

कारण आई आणि सिद्धेश्वर गावची मावशी. दोघी सकाळपासून माझ्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून, तो डब्याला टेकवून, आपापल्या अंगणात सोबतीनं कुरडया घालत होत्या. बोलणं फारसं नाहीच, नुसती सोबत. "अनलिमिटेड हाय, कितीबी वापर" हे मीच आईला सांगितलेलं. घरात शिकलेली मी पहिली. माझा शब्द कोण मोडणार? मोबाइल कंपनीला विचारलं, तर म्हणे डेटा अनलिमिटेडच आहे, फार वापरला की फक्त वेग कमी होतो.

बाबा म्हणाले, "म्हंजे रानात कितीबी चारा, पण मेंढराचे पाय बांधून!"

शेवटी मॅडमनी साधा कॉल केला. "नेट गेलं" एवढ्यावर भागलं असतं. पण ते अर्धं खोटंच झालं ना? मी कुरडयांसकट सगळं सांगितलं. त्या खूप हसल्या. "कळवते" म्हणाल्या.

ते हसणं कसलं होतं?

आई म्हणते, "काहून जिवाला घोर लावून राहिलीस? हसली म्हंजे नोकरी पक्की. न्हाई म्हणणारं माणूस हसतंय व्हय?"

जरा बरं वाटलं. मग आठवलं, सेनगावच्या स्थळाला नकार कळवताना आईच किती गोड हसत होती.