झाडे शेवटी का आलं

भागवतदादा,

नमस्कार लिहायला हात धजत न्हाई, पण तू मोठा हाईस म्हणून लिहिते.

मी बरी हाय. इथं अमेरिकेत ऊन लय हाय. गुरुत्वीय लहरी टिपणारं आमचं यंत्र नीट चालायलंय.

आमच्या शोधाचा लेख छापून आला, आणि सेलूच्या शाळेत मास्तर असून तू त्यावरची हजारभर नावं दहावीच्या निकालासारखी वाचलीस. चार लोकांत बाबांना सांगितलंस, "राजेश्री सगळ्यात खाली हाय." वहिनी म्हणाल्या, बाबांनी पेढे परत डब्यात ठेवले. ते जेवतात का? बीपीची गोळी घेतात का?

ती गुणवत्ता यादी न्हाई. आडनावाच्या इंग्रजी अक्षरावरून लावलेली हजेरी हाय, तू रोज घेतोस तशी. झाडे झेडवर येतं, ते शेवटीच असणार. मुद्दाम बोललास का अक्कल कमी पडली, तुझं तुला ठाऊक.

लग्नानंतर नवऱ्याचं अंभोरे लावलं असतं तर पहिल्या पानावर आले असते. सासरी त्यावरून लय बोलणी खाल्ली. पण त्या कागदावर बाबांचं आडनाव छापून यावं म्हणून बदललं न्हाई.

हे पत्र त्याच चार लोकांत बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. तोवर तुझा फोन मी उचलणार न्हाई.

तुझी धाकटी बहीण,
राजेश्री किशनराव झाडे